क्षयवार

पंचांगात तिथीचा क्षय होतो, हे आपल्याला ठाऊक आहे.
सामोआत अख्ख्या शुक्रवाराचा झाला.
दोन हजार अकरा, एकोणतीस डिसेंबर.
रात्री बाराला आपियात घंटा वाजल्या
आणि प्रार्थनेला आलेले लोक
गुरुवारातून निघून शनिवारात घरी पोचले.
कारण साधं, बाजाराचं:
न्यूझीलंडात सोमवारचं दुकान उघडायचं
तेव्हा इथे रविवारची स्तोत्रं चालू.
त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, गिऱ्हाईक अमेरिका होती;
तेव्हा चार जुलै दोनदा आला होता.
वृद्धी तेव्हाची, क्षय आताचा. हिशेब चुकता.

पेनीतोआचा मात्र अडला.
रेडिओवर सकाळी सात दहाला
‘आजच्या दिवशी’ वाचायचा तो, सतरा वर्षं.
तीस तारखेचा कागद महिनाभर आधीच टाइप झालेला:

    शिकागोत नाटकगृह पेटलं, सहाशे माणसं गेली,
    कितीतरी दारं आतल्या बाजूला उघडणारी.
    मॉस्कोत चार प्रजासत्ताकांनी एक देश बांधला,
    त्याची गाठ पुढे डिसेंबरातच सुटली.

आणि तळाशी पेन्सिलीनं, घरचं:

    फालेआलुपोची जुळी, फेतुआओ आणि इआकोपो. ऐंशी.

फालेआलुपो म्हणजे बेटाचं पश्चिमेचं टोक.
मेलेल्यांचे जीव तिथून समुद्रात उतरतात, जुनी माणसं सांगत.
जगातला शेवटचा सूर्यास्त आमचा, अशी फुशारकीही होती गावाला.
ती त्याच रात्री गेली.

शनिवारी फेतुआओचा फोन.
‘माझं नाव का नाही घेतलंस?’
‘तुमचा दिवसच आला नाही, बाई.’
‘मग मी एकोणऐंशीच,’ ती हसली.
‘बारा मिनिटांनी मोठी म्हणून जन्मभर
त्याच्या वाटचा मार मी खाल्ला.
होऊ दे आता त्याला थोरला.’

इआकोपो पलीकडच्या बेटावर, पागो पागोत,
विमानानं अर्धा तास.
चाळीस वर्षं ट्यूना माशांचे डबे भरून
बोटांना राहिलेला तो वास.
त्यांनी तारीख बदलली नव्हती.
तिच्या शनिवारातून तिनं त्याच्या शुक्रवारात फोन लावला.
‘केक कापलास?’
‘कापला. उद्या कसा आहे तुझ्याकडे?’
‘ढगाळ. केळी पिकलीत. यायला हरकत नाही.’

तो त्याच रात्री गेला.
झोपेत, म्हणे. केकची ताटली उशाशी.

रविवारी बस नसते.
सोमवारी ती रेडिओच्या खिडकीशी उभी, पहाटेची बोट धरून आलेली,
हातात निधनाच्या बातमीचा कागद.
‘तीस लिही.’
‘तीस झालीच नाही आपल्याकडे. एकतीस लिहावं लागेल.’
‘त्याच्याकडे झाली. तो त्याच्या तारखेला मेला,
माझ्या नाही.’
पेनीतोआनं नियम सांगितला.
तिनं छत्री टेबलावर ठेवली.
‘त्या शुक्रवारचा पगार मिळाला का तुला?’
मिळाला होता. सगळ्यांनाच मिळाला होता, कायद्यानं.
‘न झालेल्या दिवसाचे पैसे मोजलेत ना?
मग एक ओळ मोज.’

वर्षानं तीस डिसेंबर आला, रविवार होऊन.
आदल्या दिवशी तिचा निरोप: ऐंशी म्हण, मी मोजतेय.
सात दहाला पेनीतोआनं जुनाच कागद काढला,
नाटकगृह वाचलं, दारं वाचली,
बांधलेला देश वाचला,
फेतुआओ, ऐंशी, वाचलं.
मग इआकोपो. जन्म आजचा.
मृत्यूही आजचा.
सालाशी आल्यावर तो जरा अडखळला,
पाण्याचा घोट घेतलेला ऐकू आला,
आणि स्वच्छ म्हणाला, दोन हजार अकरा.

चूक कळवायला
कुणाचाही फोन आला नाही.